टिंब वर की खाली?

फ्रेंड्स, आज सुरुवातीलाच एक क्विझ. कागदावर 'सा' लिहिलाय आणि त्याच्या डोक्यावर एक टिंब आहे. हा सा कुठल्या सप्तकातला? मंद्र, मध्य की तार?

'तार, ऑफकोर्स!' म्हणालात ना? म्हणजे तुम्ही भातखंडे पार्टीचे. 'मंद्र' म्हणालात तर पलुसकर पार्टीचे. आणि 'सप्तक म्हणजे नेमकं काय गं?' असा चेहरा झाला असेल तर बसा, कॉफी मागवा. आजचा कॉलम तुमच्यासाठीच आहे.

झालं काय, की विसाव्या शतकाच्या तोंडावर आपल्याकडे दोन विष्णूंनी साधारण एकाच काळात एकच काम हातात घेतलं. एक मुंबईचे वकील, पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६). दुसरे कुरुंदवाडचे गायक, पं. विष्णू दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१), ज्यांनी १९०१ मध्ये थेट लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या तोंडातून शिष्याच्या कानात जाणारं गाणं दोघांनाही कागदावर आणायचं होतं. दोघांनी आपापली लिपी बनवली. आणि दोघांची टिंबं काही जुळली नाहीत! भातखंड्यांकडे डोक्यावर टिंब म्हणजे वरचा सूर, पायाशी टिंब म्हणजे खालचा. पलुसकरांकडे डोक्यावर टिंब म्हणजे खालचा सूर, आणि वरच्यासाठी डोक्यावर उभी रेघ. बरं, तीच उभी रेघ भातखंड्यांच्या वहीत मध्यमावर आली की तो तीव्र मध्यम. ज्यांनी गांधर्व मंडळाच्या परीक्षा दिल्यात त्यांना हा घोळ तोंडपाठ असतो. बाकी जनतेचं त्यावाचून काही अडत नाही.

अडलं ते खामगावला.

माझा एक मित्र खामगावचा. पुण्यात हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचे पैसे घेतो. पाचवीपासून व्हायोलिन शिकला. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवून, आपल्या स्टाइलचं. त्याचे सर पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत. शाळेतली नोकरी करून आयुष्यभर संध्याकाळी व्हायोलिन शिकवलं, आणि जे जे शिकले ते ते वह्यांमध्ये उतरवून ठेवलं. अकरा वह्या. गती, बंदिशी, ताना, एकेका रागाची चलनं. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या, खाकी कव्हर चढवलेल्या.

मागच्या दिवाळीत मित्र घरी गेला तेव्हा सरांनी वह्या पुढ्यात ठेवल्या. 'घेऊन जाय. माझा हात आता गजावर टिकत नाही.'

आपण काय करू? मोबाइल काढू, फटाफट फोटो मारू, ड्राइव्हवर टाकू, झालं डिजिटायझेशन! त्यानेही तेच केलं. मग पुण्यात येऊन वाजवायला बसला आणि कळलं, की वहीत दोन्ही विष्णू आहेत. सरांचे गुरू पलुसकर परंपरेतले, त्यामुळे पहिल्या वह्यांत टिंब डोक्यावर म्हणजे मंद्र. पुढे विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठी म्हणून सर भातखंडे पद्धतीवर आले. पण आले ते एका दिवसात नाही. चौथ्या वहीच्या मध्यात कुठेतरी पक्ष बदललाय, आणि मग सवयीने अधूनमधून परत जुन्या घरी गेलेत. काही पानांवर कोमल स्वर भातखंड्यांचे, खाली आडवी रेघ दिलेले, आणि टिंबं पलुसकरांची. कुठलं टिंब कुठल्या पक्षाचं हे सांगू शकणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो खामगावला आरामखुर्चीत बसून पेपर वाचतोय. फोटो कितीही मेगापिक्सेलचा काढा, ते टिंब तुम्हाला हे सांगत नाही.

म्हणून सर आहेत तोवर सगळं पुन्हा लिहायचं, असं ठरलं. प्रश्न होता, कशात?

वर्डमध्ये सारेगम टाइप करून बघा एकदा. कोमल ऋषभाखाली अंडरलाइन येते, पण पायाशी टिंब देताना मात्र नाकी नऊ येतात. डोक्यावरचं टिंब दिलं की काँप्युटर त्याला अनुस्वार समजतो. टेबलचे रकाने करून मात्रा बसवल्या, की एक तान लांब झाली आणि पुढची सगळी पानं घसरली. माऊसने सूर उचलून पाच रेघांवर ठेवायची सॉफ्टवेअर्स आहेत, म्यूझस्कोअर तर फुकटही आहे, आणि ज्यांना पटकन काम हवंय त्यांनी खुशाल तेच वापरावं. आमच्या टेस्टिंगवाल्याने मात्र निवडलं लिलीपाँड.

(बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला पाँड म्हटलं की लोणार आठवतं. त्या खाऱ्या पाण्यात लिली उगवायची नाही, पण २०२० च्या जूनमध्ये अख्खं सरोवर गुलाबी झालं होतं, तेव्हा काही सांगता येत नाही.)

तर लिलीपाँड. यान नियवेनहाउझेन आणि हान-वेन निनहाउस या दोन डच दोस्तांनी १९९६ मध्ये हे सुरू केलं. फुकट, मुक्त, आणि दिसायला एकदम रुक्ष! स्क्रीनवर पाच रेघा नाहीत, पियानो नाही, काही नाही. एक साधी टेक्स्ट फाइल. तिच्यात तुम्ही अक्षरं आणि आकडे टाइप करायचे, प्रोग्रॅम चालवायचा, आणि दुसऱ्या बाजूने छापखान्यातून आल्यासारखं सुंदर पान बाहेर पडतं. सी म्हणजे सा धरला तर सी, डी, ई, एफ अशी अक्षरं, पुढे चार लिहिलं तर एक मात्रा, आठ लिहिलं तर अर्धी. आणि सप्तक? वरचं हवं तर अक्षराला अपॉस्ट्रॉफी, खालचं हवं तर कॉमा. वर की खाली याची भानगडच नाही!

अर्थात डच लोकांचं डोकं ते. मूळ सेटिंगमध्ये सुरांची नावं डच पद्धतीची. कोमल गंधार 'एस', कोमल निषाद 'बेस', तीव्र मध्यम 'फिस'. मित्राने आठवडाभर एस-बेस-फिस केलं आणि मग लक्षात आलं, की ही नावं आपल्याला हवी तशी बदलता येतात. अक्षरं देवनागरीही चालतात. त्याने एक छोटा तक्ता बनवला आणि आता तो सरळ सा, रे, ग, म टाइप करतो. पाच रेघांच्या खाली गाण्याचे शब्द येतात त्या ओळीत तो स्वरही मराठीतच छापतो, कारण सरांना स्टाफ नोटेशन वाचता येत नाही. पहिलं पान दाखवलं तेव्हा सर म्हणाले, 'हे तर तारेवर चिमण्या बसल्यावानी दिसते बाप्पा!' मग खालचे स्वर वाचून गुणगुणले आणि म्हणाले, 'हां, आता समजलं.'

पाच रेघा ठेवायच्याच कशाला मग? मीही हेच विचारलं. त्याचं उत्तर गजात आहे.

गज म्हणजे बो. व्हायोलिन, सारंगी, परधानांची किंगरी, चेलो, सगळ्यांचं लॉजिक एकच. घोड्याच्या केसांची दोरी तारेवर घासायची. आता हा गज एका दिशेने जातो आणि मग परत येतो. खाली आणि वर. कुठल्या सुराला खाली, कुठल्याला वर, आणि एका गजात किती सूर, यावर सगळा खेळ. तोच 'गमपनी' चार वेगळ्या गजांत वाजवा, तबल्याशी भांडल्यासारखा ऐकू येतो. एकाच गजात वाजवा, गळ्यातून आल्यासारखा येतो. आपल्याकडे व्हायोलिनवर गायकी वाजते असं म्हणतात ते यामुळेच. पं. गजाननबुवा जोशी (१९११-१९८७) तर स्वतः गायचे आणि वाजवायचेही, म्हणजे श्वास आणि गज दोन्ही एकाच माणसाकडे. पं. व्ही. जी. जोग, पं. डी. के. दातार, एन. राजम यांची रेकॉर्डिंग्ज ऐकताना नुसतं गज कधी बदलला हे पकडायचा प्रयत्न करा. बऱ्याचदा पकडताच येत नाही.

आणि आपल्या दोन्ही विष्णूंच्या लिपीत गजाला चिन्हच नाही! गैर काहीच नाही त्यात, दोघांच्या डोळ्यांपुढे गळा होता. वाजवणारा एकटाच बसतो, गुरू समोर असतो, बघून शिकायचं. युरोपात मात्र वीस-वीस व्हायोलिनं एका रांगेत बसायची आणि सगळ्यांचे गज एकाच दिशेने जायला हवेत, म्हणून ते लिहून ठेवणं भाग होतं. आपल्याकडे ही गरज पडली ती हिंदी सिनेमाला. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागचे ते भरगच्च व्हायोलिन आठवा. ते कागदावर उतरवणारे सॅबेस्टियन डिसोझा गोव्याचे. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) गोव्यातल्या माजोर्ड्याचे. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तलं ते फेमस गाणं म्हणजे या गुरूला केलेला सलामच. चर्चमध्ये शिकलेली स्टाफ नोटेशन घेऊन ही मंडळी मुंबईत आली, रात्र रात्र जागून प्रत्येक वादकाचा कागद हाताने लिहायची. सकाळी रेकॉर्डिंग, संध्याकाळी कागदाचं काम संपलं. आज ती गाणी आपण ऐकतो, पण त्यांचे कागद शोधायला जा बघू!

तर लिलीपाँडमध्ये डाउनबो आणि अपबो अशा दोन आज्ञा आहेत. सुरापुढे उलटी तिरकी रेघ देऊन शब्द लिहिला, की डोक्यावर छोटं दार उघडावं तसं चिन्ह येतं. तो गज खाली. इंग्रजी व्हीसारखं चिन्ह आलं की गज वर. कंसात टाकलेले सूर एका कमानीखाली येतात, म्हणजे एका गजात. कुठलं बोट हा आकडा देता येतो, मोकळी तार असेल तर शून्य. कण स्वर बारीक टाइपात येतो. आणि इथेच पहिली गोची झाली. भातखंडे लिपीत कमान म्हणजे मींड. स्टाफवर व्हायोलिनच्या सुरांवरची कमान म्हणजे एक गज. सरांच्या वहीत कमान आहे, पण मींड म्हणून, की 'हे एकत्र वाजव' म्हणून? बहुतेक वेळा दोन्ही. पण बहुतेक म्हणजे नेहमी नाही! शेवटी ठरलं, की मींड सरळ तिरक्या रेघेने दाखवायची, त्याला लिलीपाँडमध्ये ग्लिसांडो म्हणतात, आणि कमान फक्त गजासाठी राखायची. त्यामुळे आता प्रत्येक कमानीपाशी सरांना फोन जातो. व्हिडिओ कॉलवर सर डाव्या हाताची बोटं हवेत धरतात, उजव्या हाताने न धरलेला गज ओढतात आणि सांगतात, 'इथं बदल. इथं बदलू नको, मरून जाईन म्हणलं तरी बदलू नको.'

हे सगळं याआधी कुठेच लिहिलेलं नव्हतं. साठ वर्षं ते त्यांच्या मनगटात होतं.

सगळ्यात भारी किस्सा पंधराव्या मात्रेचा. लिलीपाँडमध्ये तालाच्या विभागाच्या शेवटी एक उभी दांडी टाइप करतात. ती नुसती शोभेची नसते. प्रोग्रॅम तिथे मोजतो. मात्रा कमी-जास्त भरल्या असतील तर ओळीच्या नंबरासकट वॉर्निंग देतो. टेस्टिंगवाल्याला आणखी काय हवं! तिसऱ्या वहीतली तीनतालाची एक गत टाइप केली आणि धाडकन वॉर्निंग. शेवटच्या विभागात चारऐवजी तीनच मात्रा. टायपिंगची चूक असेल म्हणून वही पाहिली. वहीतही तीनच. म्हणजे सोळा मात्रांचा ताल पंधरातच समेवर! सरांनी हे अठराव्या वर्षी लिहिलेलं पान, आणि तेव्हापासून ते याच गतीवर मुलांना शिकवतायत.

मित्राला घाम फुटला. कसं सांगायचं? तो मुद्दाम शुक्रवारची महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून शेगावला उतरला, तिथून खामगाव. चहा झाला. मग म्हणाला, 'सर, तिसऱ्या वहीत एक मात्रा सापडत नाहीये.'

सरांनी वही जवळ घेतली, चष्मा वर केला, बघितलं. मग त्याच्या हातातून व्हायोलिन घेतलं. हात थरथरत होता. ओळ वाजवली. निषादावर गज संपला, उचलला गेला, आणि सा यायच्या आधी एक पूर्ण मात्रा काहीही वाजलं नाही. मग सम.

'हे काय. हे थांबणं आहे. आता थांबणं कायले लिहू?'

तिथे आता एक विराम आहे. लिलीपाँडमध्ये विरामासाठी आर हे अक्षर. वॉर्निंग गेली. पण मित्र म्हणतो, की या एका मात्रेने त्याची झोप उडालीय, कारण अकरा वह्यांत अशी किती थांबणी न लिहिता राहिली असतील, आणि जिथे मात्रा बरोबर भरल्यात तिथे तर मशीन काही बोलणारच नाही.

आता थोडं टेक्निकल, पण इंटरेस्टिंग. लिलीपाँडवाल्यांनी आपल्या सॉफ्टवेअरसोबत एक लांबलचक निबंध दिलाय, आणि त्यात बाखच्या चेलो स्वीट्सच्या दोन छापील आवृत्त्या शेजारी ठेवल्यात. एक १९५० ची, जर्मनीच्या बेरेनरायटरची, हाताने कोरलेली. दुसरी २००० ची हेन्लेची, काँप्युटरवर केलेली. सूर तेच. पण जुन्या पानावर शाई ठसठशीत, दोन सुरांमधली जागा डोळ्याला बरोबर वाटेल अशी कमी-जास्त केलेली. नव्या पानावर सगळं बारीक रेघांचं आणि फूटपट्टीने मोजल्यासारखं. पूर्वीचे कारागीर धातूच्या पत्र्यावर ठसे ठोकून सुरांची पानं कोरायचे. त्यांची नजर प्रोग्रॅममध्ये कशी घालायची, यावर या दोघांनी अनेक वर्षं घालवली. त्यांच्या सुरांच्या फाँटचं नाव माहितीय? फेटा! आपला कोल्हापुरी नव्हे, ग्रीक चीज. पुढे एमेंटालर नावाचा आला, तेही चीजच. डोकं लढवून भूक लागत असावी.

आणखी एक सोय आपल्या लोकांसाठी एकदम परफेक्ट. आपण पट्टी कशी सांगतो? काळी चार, पांढरी पाच. सगळी गत पांढरी एकला लिहून ठेवायची आणि ऑर्केस्ट्रावाल्या किंवा कीबोर्डवाल्या दोस्ताला काळी एक हवी असेल तर वर एक ओळ बदलायची. अख्खं पान उठून तिथे जातं, शार्प-फ्लॅट्सहित.

'पण टेक्स्ट फाइलच का?' याचं खरं उत्तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये मिळालं. फिनाले नावाचं सॉफ्टवेअर, पस्तीस वर्षं जगभरातले संगीतकार ज्यावर लिहीत होते, ते कंपनीने बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच्या फाइल्स त्याच्याच भाषेत. लोकांची आयुष्यभराची कामं दुसरीकडे हलवायची धावपळ सुरू झाली. टेक्स्ट फाइलचं तसं नाही. उद्या लिलीपाँड बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडून सा रे ग म वाचता येईल. एक गत म्हणजे जेमतेम चार-पाच केबी. सगळ्या अकरा वह्या मिळून तुमच्या एका सेल्फीपेक्षा कमी जागा घेतील! आणि प्रत्येक बदलाची तारीख ठेवता येते. पंधरा मात्रांची जुनी ओळही त्याने पुसलेली नाही. शेरा म्हणून तिथेच ठेवलीय, 'वहीत असे' असं लिहून.

सगळं काही गोडगोड नाही हं. दरबारीचा आंदोलित गंधार कसा लिहिणार? पाव सुरांची चिन्हं लिलीपाँडमध्ये आहेत, पण तो गंधार कुठल्याच एका ठिकाणी उभा राहत नाही. गमकेसाठी पाश्चात्त्य ट्रिलचं चिन्ह दिलं तर वाचणारा मोझार्टसारखं वाजवेल. आलापाला तर मात्राच नाहीत. मित्राने तालाची दांडी काढून टाकून एक आलाप लिहिला. तास गेला, आणि पान बघून सर म्हणाले, 'हे फाडून टाक.' मला वाटतं सर बरोबर होते. आलाप ते फोनवर रेकॉर्ड करतायत. हात चालत नाही तर गाऊन. चुकीचा कंस टाकल्यावर पंचवीस एरर्स एकदम येतात ते वेगळंच. ज्यांनी कधी कोड बघितला नाही त्यांनी फ्रेस्कोबाल्डी नावाचा एडिटर घ्यावा. तोही फुकट, आणि त्यात डावीकडे फाइल, उजवीकडे पान दिसतं. सुरावर क्लिक केलं की फाइलमधली ती जागा सापडते.

अजून साडेतीन वह्या झाल्यात. सोप्या. चौथी, जिच्यात पक्ष बदललाय, ती या दिवाळीला समोरासमोर बसूनच करायची असं दोघांनी ठरवलंय. तिथली टिंबं फोनवर सुटत नाहीत. सर राग गाऊन बघतात, मग म्हणतात, 'खाली असंल.' दुसऱ्या दिवशी फोन येतो, 'नाही रे, वरच होतं ते. रात्री आठवलं.' अशा जागी मित्र दोन्ही लिहून ठेवतो.

मागच्या महिन्यात छापलेल्या पहिल्या तीन वह्यांचं गठ्ठं बाइंड करून पाठवलं. दोन दिवसांनी सरांचा फोन. सुरांबद्दल एकही तक्रार नव्हती. फक्त म्हणाले, 'अक्षर मोठं कर. मले दिसत नाही.'

फाइलच्या वरच्या ओळीत वीस होतं, त्याने सव्वीस केलं. सध्या प्रिंट सुरू आहे.